वातात बरळणं : शस्त्रक्रियेनंतरच्या एका जुन्या दुखण्याचा इतिहास

मागच्या भागात आपण भुलीच्या शोधाची गोष्ट ऐकली. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात विल्यम मॉर्टन यांनी रुग्णाला ईथर हुंगवलं, शल्यचिकित्सक जॉन वॉरन यांनी मानेवरची गाठ कापली आणि रुग्ण ओरडला नाही. तिथं आपण थांबलो होतो. आज त्याच गोष्टीची दुसरी बाजू बघायची आहे. रुग्ण ओरडला नाही, जखम भरली, टाके निघाले, सगळं ठीक झालं, आणि तरी मधले काही दिवस तो माणूस जागेवर नव्हता.

तुमच्यापैकी कित्येकांनी हे घरात पाहिलं असेल. सत्तरी ओलांडलेली आजी न्हाणीघरात घसरते, खुब्याचं हाड मोडतं, ऑपरेशन होतं. पहिल्या दिवशी ती शुद्धीवर येते, नातवाला ओळखते, चहा मागते. सगळे निर्धास्त होतात. दुसऱ्या रात्री ती सलाईनची नळी ओढू लागते, छतावर मुंग्या दिसतात म्हणते, तीस वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याच्या डब्याची घाई करते. सकाळी डॉक्टर राउंडला येतात तेव्हा ती पुन्हा शहाण्यासारखी बोलते. दिवेलागण झाली की पुन्हा तेच. घरातली माणसं कुजबुजतात, भुलीचं औषध डोक्यात गेलं. कुणी म्हणतं, वय झालं आता. ही दोन्ही उत्तरं फार जुनी आहेत, आणि त्यांनी या दुखण्याचा विचार कितीतरी काळ अडवून धरला. मी डॉक्टर नाही, वैद्यकाच्या इतिहासाचा अभ्यासक आहे, तेव्हा औषधाचा सल्ला माझ्याकडून घेऊ नका. पण हा इतिहास ऐकल्यावर म्हाताऱ्या माणसाला ऑपरेशनला नेताना पिशवीत काय भरायचं, याचा तुम्ही वेगळा विचार कराल असं मला वाटतं.

डॉक्टर याला डिलिरियम म्हणतात. लॅटिनमध्ये 'लिरा' म्हणजे शेतातली नांगराची ओळ. नांगर तास सोडून भरकटला, असा त्या शब्दाचा मूळ अर्थ. मराठीत आपण म्हणतो, वात झाला, वातात बरळतोय. हा सांधे धरणारा वात नव्हे. तापात, दुखण्यात माणूस असंबद्ध बोलू लागला की तो वात, आणि फारच वाढला की सन्निपात. आयुर्वेदाच्या ग्रंथांत सन्निपातज्वराच्या लक्षणांत प्रलाप आहे, भ्रम आहे, निद्रानाश आहे, आणि त्याच यादीत तंद्रा आणि मोहसुद्धा आहेत. म्हणजे बडबडणारा आणि गुंगीत पडून राहणारा, दोघांची लक्षणं जुन्या वैद्यांनी एकाच यादीत घातली होती. ग्रीकांनी दोन वेगळी नावं ठेवली, खवळलेल्याला एक, सुस्तावलेल्याला एक. पण एकाचा दुसरा होऊ शकतो हे त्यांनाही ठाऊक होतं. ही गुंगीतल्या रुग्णाची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

भूल नव्हती तेव्हाही शस्त्रक्रियेनंतर वात होत होता. सोळाव्या शतकातले फ्रेंच शल्यचिकित्सक आंब्रोज पारे यांनी जखमा, रक्तस्राव आणि तापानंतर येणारी आणि काही काळाने जाणारी बरळ नोंदली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पॅरिसच्या द्युपुइत्राँ यांनी शस्त्रक्रिया झालेल्या आणि जबर जखमी झालेल्या रुग्णांतल्या अशा अवस्थेवर व्याख्यानं दिली. म्हणजे 'भुलीचं औषध डोक्यात गेलं' हे कारण सांगण्याआधीच दुखणं हजर होतं. पण १८४६ नंतर भुलीवर बोट ठेवणं सोपं झालं. लंडनच्या बेथलेम मनोरुग्णालयाचे प्रमुख जॉर्ज सॅव्हेज यांनी १८८७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये भुलीनंतर आलेल्या वेडाबद्दल लेखच लिहिला.

मग येतं १९५५ साल. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्ड इथं बेडफर्ड नावाचे डॉक्टर म्हाताऱ्या माणसांवर उपचार करत होते. त्यांच्याकडे येणाऱ्या नातेवाइकांच्या तोंडी एक वाक्य वारंवार येई : त्या ऑपरेशनपासून ते पूर्वीसारखे राहिलेच नाहीत. दुसऱ्या एखाद्या डॉक्टरनं ते कानाआड केलं असतं. बेडफर्डनी ते खरं की खोटं तपासायचं ठरवलं. पूर्ण भूल घेऊन शस्त्रक्रिया झालेल्या १,१९३ वयस्क रुग्णांचा त्यांनी मागोवा घेतला आणि लॅन्सेटमध्ये तो छापला. दहातल्या सुमारे एकाच्या बुद्धीवर पुढेही परिणाम दिसत होता. कुणी हिशोब विसरला, कुणी वाचन सोडलं, कुणी घरच्यांशी पूर्वीसारखं बोलेना. रात्री बरळून आठवड्यात ताळ्यावर येणारा वात वेगळा आणि हे न उतरणारं मंदपण वेगळं, हे खरं. पण दोन्हींचा संबंध आहे, ही शंका तिथून कायमची रुजली. भुलीची औषधं आणि शस्त्रक्रियेच्या वेळी खाली जाणारा रक्तदाब, हे त्यांना कारण वाटलं. म्हाताऱ्यांवर अगदी गरज असेल तरच शस्त्रक्रिया करा, सरसकट गुंगीची औषधं देऊ नका, असं त्यांनी सुचवलं.

मला बेडफर्ड यांचं मोठेपण त्यांच्या निष्कर्षात दिसत नाही, कारण तो अर्धाच टिकला. नातेवाइकाचं वाक्य हा पुरावा असू शकतो, हे त्यांनी मानलं, त्याचं मला अप्रूप आहे. रुग्ण आधी कसा होता हे घरच्यांखेरीज कोण सांगणार?

निष्कर्षाचं पुढे काय झालं तेही सांगून टाकतो. १९९८ मध्ये अनेक देशांतल्या डॉक्टरांनी मिळून साठीपुढच्या १,२१८ रुग्णांची ऑपरेशनआधी आणि नंतर बुद्धीची चाचणी घेतली. तीन महिन्यांनीही ९.९ टक्के मागे पडलेले होते, म्हणजे बेडफर्ड यांचाच दहातला एक. पण रक्तदाब किंवा प्राणवायू कमी झाल्याशी त्याचा मेळ बसेना. मग म्हटलं गेलं, पूर्ण भूल नको, कमरेत सुई देऊन खालचा भाग बधिर करू, डोकं वाचेल. आजही खुब्याच्या ऑपरेशनआधी घरचे लोक भूलतज्ज्ञांना हेच विनवतात. २०२१ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या १,६०० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध झाली. कमरेत सुई दिलेल्यांत २०.५ टक्क्यांना डिलिरियम झाला, पूर्ण भूल दिलेल्यांत १९.७ टक्क्यांना. पाठोपाठ चीनमधल्या ९५० रुग्णांची आली, तिथंही फरक नाही. सुई घ्यायची की पूर्ण भूल, हे हृदय, फुप्फुसं, रक्त पातळ करणारी गोळी बघून भूलतज्ज्ञ ठरवतील. डोकं वाचवण्यासाठी एकाचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

मग कारण कुठं शोधायचं? त्यासाठी आपल्याला मागे जाऊन, शस्त्रक्रियागृहाचं दार ओलांडून, रुग्ण ज्या खोलीत पडून असतो तिथं जायला हवं. ही दुसरी वाट बेडफर्ड यांच्या काळातच सुरू झाली होती, आणि ती सुरू झाली डोळ्यांपासून.

मोतीबिंदू काढल्यावर पूर्वी दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधत. आपल्याकडेही जुन्या माणसांना ते दिवस आठवतील. डोक्याच्या दोन बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, खोकायचं नाही, मान वळवायची नाही. अशा रुग्णांपैकी काही जण दोन-तीन दिवसांत बरळू लागत, पट्ट्या ओढून काढत. मेंदूला कुणी हात लावलेला नाही, डोळ्याचं छोटंसं ऑपरेशन, आणि तरी वात. बोस्टनमधल्या वाइसमन आणि हॅकेट या मनोविकारतज्ज्ञांनी १९५८ मध्ये याच्यावर लिहिलं आणि 'काळ्या पट्टीचा डिलिरियम' हे नाव रूढ झालं. अंधारात पडलेल्या माणसाला पावलांचा आवाज येतो, कुणाचे ते कळत नाही. भांडं पडतं, कुठं ते कळत नाही. मग त्याचा मेंदू उरलेलं चित्र स्वतःच भरून काढतो. त्यांचा उपायही बघण्यासारखा होता. रुग्णाच्या जवळ बसायचं, आजूबाजूला काय चाललंय ते सांगत राहायचं, जगाशी त्याचा धागा तुटू द्यायचा नाही.

तेव्हाच हृदयाच्या शस्त्रक्रियेचं युग सुरू होत होतं. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृदय आणि फुप्फुसांचं काम करणारं यंत्र वापरून पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. दहा वर्षांत अशी ऑपरेशनं नेहमीची झाली आणि डॉक्टरांना एक चमत्कारिक गोष्ट दिसू लागली. रुग्ण शुद्धीवर येई, दोन-तीन दिवस नीट बोले आणि मग बिघडे. भूलच कारण असती तर तो सुरुवातीपासून बिघडलेला असायला हवा होता. न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड कॉर्नफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये यावर लिहिताना यंत्रापेक्षा खोलीकडे बोट दाखवलं. रात्रंदिवस दिवे चालू, यंत्रांचा एकसुरी आवाज, दर थोड्या वेळानं कुणीतरी उठवतं, अंगाला तारा आणि नळ्या जोडलेल्या. साध्या वॉर्डात हलवून एक रात्र झोप मिळाली की बरेच जण ताळ्यावर येत. त्यांनी सुचवलं : सलग झोपू द्या, आवाज कमी करा, समोर घड्याळ लावा. १९६८ मध्ये लाझारस आणि हेगन्स यांनी या सूचना प्रत्यक्ष करून पाहिल्या. ऑपरेशनआधी रुग्णाशी बोलणं आणि नंतरच्या शुश्रूषेत बदल, एवढंच. वाताचं प्रमाण निम्म्याच्या आसपास आलं.

आणि १९७२ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोनात विल्सन यांनी अगदीच साधी तुलना केली. एका अतिदक्षता विभागाला खिडक्या होत्या, दुसऱ्याला नव्हत्या. दोन्हींकडचे शस्त्रक्रिया झालेले पन्नास-पन्नास रुग्ण त्यांनी घेतले. खिडकी असलेल्या विभागात १८ टक्क्यांना वात झाला, नसलेल्या विभागात ४० टक्क्यांना. आता पन्नास रुग्ण म्हणजे फार नव्हेत, आणि दोन इमारतींत खिडकीखेरीज इतरही फरक असू शकतात. तरी हा आकडा ऐकून मला नेहमी फ्लॉरेन्स नाइटिंगेल आठवतात. १८५९ च्या त्यांच्या शुश्रूषेवरच्या पुस्तकात आवाज, उजेड, खिडकीतून दिसणारं दृश्य यांवर स्वतंत्र विवेचन आहे, आणि झोपलेल्या रुग्णाला मुद्दाम किंवा चुकून जागं होऊ न देणं ही चांगल्या शुश्रूषेची पहिली अट आहे असं त्या बजावतात. शंभराहून अधिक वर्षांनी डॉक्टर तिथं पोचले, तेही टक्केवारी हातात आल्यावर.

एवढं सगळं छापलेलं असताना जगभरच्या रुग्णालयांत काही फार बदललं नाही. त्याचं एक कारण नावाचा गोंधळ. मनोविकारतज्ज्ञ एक शब्द वापरत, मेंदूविकारतज्ज्ञ दुसरा, शल्यचिकित्सक तिसरा, अतिदक्षता विभागाचं तर स्वतंत्र वेड मानलं जाई. ज्याला दहा नावं आहेत त्याची मोजदाद कशी करणार? पोलंडमध्ये जन्मलेले, पुढे कॅनडात काम केलेले झेड. जे. लिपोव्स्की यांनी या सगळ्याला डिलिरियम हे एकच नाव असावं असा आग्रह धरला. १९८० मध्ये त्यांचा ग्रंथ आला, त्यात त्यांनी याला मेंदूचं तात्पुरतं निकामी होणं म्हटलं; जसं हृदय निकामी होतं, मूत्रपिंड निकामी होतं, तसं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मनोविकारांच्या अधिकृत वर्गीकरणातही हा शब्द पक्का झाला.

नाव मिळालं, आता ओळखायचं कसं? १९९० मध्ये येल विद्यापीठातल्या शॅरन इनूये यांनी चार खुणांची पद्धत दिली. बदल अचानक झाला आणि कमीजास्त होत राहिला. लक्ष टिकत नाही. या दोन खुणा हव्यातच. त्यांच्या जोडीला बोलणं विस्कळीत, किंवा जाग नेहमीपेक्षा वेगळी, म्हणजे अति सावध किंवा गुंगीत, यांपैकी एक. इथं ती तंद्रेची गोष्ट परत येते. नळ्या ओढणारी आजी सगळ्यांना दिसते. पण जी नुसती पडून आहे, हाक मारली की डोळे उघडते आणि मिटते, जेवत नाही, तिला सगळे म्हणतात, बिचारी शांत आहे, झोपू द्या. तीही वातात असू शकते, आणि म्हाताऱ्यांत हाच प्रकार नजरेतून जास्त सुटतो. 'ही काल अशी नव्हती' हे वाक्य घरच्यांनी डॉक्टरांना स्पष्ट सांगायला हवं. कारण त्याच्या मागे जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, साखर किंवा सोडियम घसरणं, न सांगता येणारी वेदना, असं काहीही असू शकतं आणि ते त्याच दिवशी शोधावं लागतं.

ओळखता आलं, आता टाळता येईल का? पहिले प्रयत्न नर्सनी केले होते. १९८५ मध्ये मार्गारेट विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुब्याचं हाड मोडलेल्या रुग्णांना वेळ-जागा सांगत राहणं, घड्याळ-कॅलेंडर दाखवणं, त्यांच्या शंकांना उत्तरं देणं एवढं केलं आणि गोंधळलेल्यांचं प्रमाण ५१.५ वरून ४३.९ टक्क्यांवर आलं. १९९१ मध्ये स्वीडनच्या उमेआ इथं भूलतज्ज्ञ आणि वृद्धांचे डॉक्टर एकत्र आले. ऑपरेशनला उशीर नको, प्राणवायू द्या, रक्तदाब पडू देऊ नका, गुंतागुंत दिसली की लगेच उपचार. ६१ टक्क्यांवरून ४८ टक्के.

मग १९९९ मधलं इनूये यांचं मोठं काम. सत्तरीपुढचे ८५२ रुग्ण, तेही ऑपरेशनचे नव्हेत, साध्या वैद्यकीय वॉर्डातले, हे आधी सांगतो. त्यांनी सहा गोष्टींवर बोट ठेवलं : आधीच मंदावलेली स्मृती, झोपमोड, अंथरुणाला खिळणं, कमी दिसणं, कमी ऐकू येणं, शरीरातलं पाणी कमी होणं. आणि उपाय? खाटेजवळच्या फळ्यावर नर्सचं नाव आणि दिवसाचं वेळापत्रक. दिवसातून तीनदा चालवणं किंवा हातपाय हलवणं. चष्मा, मोठ्या अक्षरांची पुस्तकं, घंटीच्या बटणावर चमकणारी पट्टी. कानातला मळ काढणं, ऐकण्याचं यंत्र लावणं. पाणी पाजणं. रात्री झोपेच्या गोळीऐवजी कोमट दूध, पाठीला मालिश, हळू संगीत, आणि वॉर्डातल्या सगळ्यांनी आवाज कमी करणं. बरंचसं काम प्रशिक्षित स्वयंसेवकांनी केलं. नेहमीच्या वॉर्डांत १५ टक्क्यांना डिलिरियम झाला, या वॉर्डात ९.९ टक्क्यांना. पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. एकदा वात झाल्यावर तो किती तीव्र असेल यात या उपायांनी फरक पडला नाही. म्हणजे दूध-मालिश-चष्मा हे सगळं आधी. नंतर धावाधाव करून ते तेवढं उपयोगी पडत नाही.

शस्त्रक्रियेच्या रुग्णांतला पुरावाही लवकरच आला. २००१ मध्ये बोस्टनचे एडवर्ड मार्कँटोनियो यांनी खुब्याच्या १२६ रुग्णांत वृद्धांच्या डॉक्टरांना ऑपरेशनआधीपासून किंवा ऑपरेशन होताच सोबतीला घेतलं. औषधं कमी करा, लघवीची नळी लवकर काढा, वेदना वेळच्या वेळी शमवा, उठवून बसवा. ५० टक्क्यांवरून ३२ टक्के. एवढ्याशा गोष्टींचा आटापिटा कशाला असं वाटत असेल तर आणखी एक आकडा. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या २२५ रुग्णांचा २०१२ मध्ये छापलेला अभ्यास सांगतो, की सहा महिन्यांनीही वात झालेल्यांपैकी ४० टक्के आपल्या मूळ बुद्धीवर परतले नव्हते. वात न झालेल्यांत हे प्रमाण २४ टक्के होतं. बेडफर्ड यांच्या रुग्णांचे नातेवाईक हेच तर सांगत होते.

औषधांबद्दल थोडक्यात. वात टाळणारी गोळी शोधण्याचे पुष्कळ प्रयत्न झाले, होत आहेत. एका चाचणीत फायदा दिसतो, दुसरीत नाही. उलट वात आणणारी औषधं कोणती हे मात्र पक्कं समजलं आहे. १९९१ मध्ये मार्क बीअर्स यांनी म्हाताऱ्यांना देऊ नयेत अशा औषधांची यादी सुरू केली, ती आजही सुधारून वापरली जाते. झोपेच्या डायझेपाम जातीच्या गोळ्या तीत आहेत, आणि आपल्याकडे सर्दी-खाजेला सहज दिली जाणारी प्रोमेथॅझिनसारखी गुंगी आणणारी ॲलर्जीची औषधंही आहेत. पण इथं एक पेच आहे. जो माणूस दहा वर्षं रोज रात्री झोपेची गोळी घेतो, त्याची ती रुग्णालयात एकदम बंद झाली तर त्या बंद होण्यानंच वात येऊ शकतो. दारूचंही तसंच, त्या प्रकाराला इंग्लंडमधल्या थॉमस सटन यांनी १८१३ मध्येच वेगळं नाव दिलं होतं. आपल्या घरांत आजोबांची रोजची पेगभर दारू आणि आजीची गोळी या दोन्ही गोष्टी डॉक्टरांपासून लपवल्या जातात. लाज वाटते. भूलतज्ज्ञ विचारतात तेव्हा तरी ती बाजूला ठेवावी.

आता शेवटचा टप्पा, तो आशियातला आहे आणि मला सगळ्यात जवळचा वाटतो. इनूये यांचा कार्यक्रम स्वयंसेवकांवर उभा होता. ते नसतील तिथं काय? तैवानच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या रुग्णालयात पोटाची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या ३७७ जणांचा अभ्यास झाला, तो २०१७ मध्ये छापला गेला. कार्यक्रमातल्या तीनच गोष्टी ठेवल्या : बोलून भान देत राहणं, तोंडाची स्वच्छता आणि खाण्याला मदत, लवकर चालवणं. हे काम त्यासाठी शिकवून नेमलेल्या नर्सनं रोज केलं. १५.१ टक्क्यांवरून ६.६ टक्के. त्यानंतर चीनच्या चेंगडूमध्ये सत्तरीपुढच्या २८१ रुग्णांत हेच काम घरच्या माणसांना शिकवून त्यांच्याकडून करून घेतलं. २०२० मध्ये निकाल आला. नेहमीची शुश्रूषा मिळालेल्यांत १९.४ टक्के, घरची माणसं सामील असलेल्यांत २.६ टक्के. एका रुग्णालयातला आकडा सगळीकडे तसाच उतरेल असं मी म्हणणार नाही. पण घरची माणसं ही आपल्याकडे कधी कमी पडली नाहीत.

ती कमी पडत नाहीत, पण ती कुठं असतात ते बघा. साध्या वॉर्डात खाटेभोवती आठ जण, कुणी मोबाईलवर व्हिडिओ लावलेला, कुणी रात्री अकराला भेटायला आलेलं, रुग्णाला झोप नाही. आणि अतिदक्षता विभागात, जिथं वात होण्याचा धोका जास्त, तिथं दारावर पहारेकरी आणि दिवसातून दोनदा काही मिनिटांची भेट. जंतुसंसर्गाचं कारण खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण हात धुतलेलं, शांत, एकच माणूस संध्याकाळी तासभर खाटेजवळ बसू शकेल का, एवढं विचारायला हरकत नाही. कित्येक ठिकाणी परवानगी मिळते. ऑपरेशनला नेताना दागिने, चष्मा, कवळी, कानातलं यंत्र काढून आपल्या हातात पिशवी दिली जाते. ती पिशवी बहुधा घरच्यांच्या पर्समध्येच राहते, आणि आजी शुद्धीवर येते तेव्हा तिला दिसत नाही, ऐकू येत नाही, तोंडात दात नाहीत. १९५८ ची काळी पट्टी आपण तिला अशी पुन्हा बांधतो. शुद्धीवर आल्याबरोबर ती पिशवी आत जायला हवी, तिच्यावर नाव लिहून.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या तुम्हा मंडळींसाठी यात आणखी एक धागा आहे, त्यावर कुणी फारसं बोलत नाही. आयुष्य सांगलीत किंवा जळगावात गेलेली आई मुलाकडे बंगळुरूला किंवा कोचीला आलेली असते आणि तिथं तिचं ऑपरेशन होतं. भान देत राहायचं म्हणजे बोलायचं; पण कोणत्या भाषेत? नर्स प्रेमळ असते, पण ती कन्नड किंवा मल्याळममध्ये धीर देते. दिसतंय धूसर, ऐकू येतंय अर्धवट, त्यात शब्द परका. लक्ष टिकतं का हे पाहायला डॉक्टर महिन्यांची नावं उलटी म्हणायला सांगतात, डिसेंबरपासून मागे. चैत्र-वैशाख जगलेल्या बाईला ते जमलं नाही तर ती वातात आहे की नुसती गोंधळली आहे, हे घरच्यानं शेजारी उभं राहून सांगायला हवं. आठवड्याचे वार उलटे विचारा, असं सुचवायला हवं. सगळ्यांनी जन्मभर 'माई' म्हटलेल्या बाईला कागदावरच्या पूर्ण नावानं हाक मारली तर ती ओ देईलच असं नाही. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी एक जाड कागद घ्या. वर मोठ्या अक्षरात तिला कोणत्या नावानं हाक मारायची ते लिहा. खाली पाणी, दुखतंय का, लघवीला जायचंय का, मुलगा सकाळी येणार, रात्र आहे झोपा, असे आठ-दहा शब्द तिथल्या लिपीत मराठी उच्चारासह लिहून घ्या, आणि तो कागद नर्सला विचारून खाटेच्या डोक्याशी चिकटवा.